अठरा मिनिटांची हिरवी ओळ

तिला ऑफिसात सगळे पडदेवाली म्हणायचे. खिडक्यांचे पडदे नव्हेत हो. दवाखान्यात ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात त्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा पडदा असतो, त्यावर प्रत्येक पेशंटची एक ओळ असते, आणि ओळीचा रंग बदलला की चाळीस माना एकदम वर होतात, तो पडदा. तो कसा दिसावा, कधी काय दाखवावं, हे लिहिणारी ही बाई. हुशार. म्हणजे खरंच हुशार, आणि ते तिला स्वतःला माहीत होतं, तिथेच तर सगळी पंचाईत झाली.

त्या दिवशी सकाळी ती जिना चढून आली तर बाहेरच्या बाकावर शिंपी बसलेला. सलग तिसरा दिवस. गळ्यात टेप तशीच, दुकानातून निघताना काढायची राहून गेलेली. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद. वीस दिवसांपूर्वी त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावरच गेली होती, आणि ज्या मिनिटाला गेली त्याच मिनिटाला पडदेवालीच्या पडद्यावर तिची ओळ हिरवी झाली होती. हिरवी म्हणजे ‘पूर्ण’. नातेवाइकांच्या भाषेत, हिरवी म्हणजे सुटलो बुवा. अशी ती अठरा मिनिटं हिरवी राहिली, मग डॉक्टर बाहेर आले.

हे झालं कसं, ते सांगायचं तर तात्यांपासून सुरुवात करावी लागते.

तात्या म्हणजे कंपनीतले सगळ्यात जुने. सव्वीस वर्षं हा पडदा त्यांच्याकडे होता. त्यांची लिहायची पद्धत जुनी, पडद्याला एकेक काम सांगायची. ही ओळ पूस. इथे हे लिही. आता रंग बदल. आता थांब. आता घंटा वाजव. हुकमामागून हुकूम, अशा अकरा हजार ओळी. घरात नवीन सून आली की सासू सांगते ना, आधी हे कर, मग ते कर, आणि मला विचारल्याशिवाय गॅस बंद करू नकोस, अगदी तसं.

पडदेवालीची पद्धत नवी. तिच्यात हुकूम नाहीतच. नुसतं सांगून ठेवायचं, की नोंद अशी असेल तर पडदा असा दिसेल. नोंद उघडी असेल तर ओळ पिवळी, ‘सुरू’. नोंद बंद असेल तर ओळ हिरवी, ‘पूर्ण’. ते कसं करायचं, आधी काय आणि मग काय, हे यंत्र आपलं आपण बघून घेतं. अकरा हजार ओळींचं काम नऊशेत आटोपलं. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. आणि पद्धत वाईट नाही बरं का, उगाच नावं ठेवू नयेत. तात्यांच्या पडद्यावर कधी कुणाची ओळ पुसायचीच राहून जायची, कधी दोन बायकांची नावं एकमेकींवर चढायची. हिच्या पडद्यावर असं एकदाही झालं नाही.

तात्यांच्या निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. एका सोमवारी ते तिच्या खुर्चीशी येऊन म्हणाले, “पोरी, एक तास दे मला. तू सगळं नव्याने लिहितेयस ते चांगलंच आहे, पण काही काही ओळी कशासाठी आहेत ते तोंडीच सांगावं लागेल. कुठे लिहून नाही ठेवलेलं.”

“तात्या, उद्या नक्की.”

मंगळवारी मीटिंग निघाली. बुधवारी साहेबांचे पाहुणे. गुरुवारी तिचंच डोकं दुखत होतं. तात्या रोज साडेदहाला वही काखेत मारून यायचे, दोन मिनिटं उभे राहायचे आणि “असू दे, असू दे” म्हणत परत जायचे. एकदा तिनेच त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, “तात्या, हे इथे एकतीस ओळी तुमचा प्रोग्राम नुसता थांबून राहतो. डुलकी काढतो की काय?” सगळे खो खो हसले. तात्याही हसले, कसनुसे. म्हणाले, “डुलकी नाही गं. वाट बघतो.” कुणाची, असं एका शब्दाने तिने विचारायला हवं होतं. तेवढ्यात तिला फोन आला. त्याच दुपारी तिने त्या एकतीस ओळी काढून टाकल्या.

चाचणीत कळलं नाही का म्हणाल, तर कळणार कसं! चाचणीसाठी कंपनीने दोनशे खोटे पेशंट तयार केले होते. नावं, वयं, आजार, रक्तगट, सगळं साग्रसंगीत. कुणाचं अपेंडिक्स, कुणाचा गुडघा. दोनशेच्या दोनशे ठणठणीत होऊन बाहेर आले. त्यातल्या एकालाही मारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. खोटा झाला म्हणून काय, बसल्या जागी माणूस कोण मारतं?

आणि दवाखान्याच्या दप्तरात नोंद दोन कारणांनी बंद होते. एक, पेशंट थिएटरमधून बाहेर आला की. दुसरं, पेशंट गेला की. दोन्हींत नोंद बंदच.

नवा पडदा लागून पाच आठवडे झाले होते. त्या पाच आठवड्यांत, दैवाची कृपा म्हणा, थिएटरमध्ये कुणी दगावलं नाही. सहाव्या आठवड्यात शिंप्याची बायको गेली.

पहिले दोन दिवस साहेबांनी शिंप्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी पडदेवालीला पुढे जाववेना. पाय अडले म्हणा ना. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

“काका, काय हवंय तुम्हाला?”

शिंप्याने पिशवीतून कागद काढला. “ताई, ही सही कुणाची आहे इथे? तेवढ्या माणसाला भेटायचंय. भांडायला नाही आलो.”

सही तिचीच होती. दवाखान्याने खुलासा मागितला तेव्हा साहेबांनी मजकूर लिहून दिला होता आणि तिने सही केली होती. एकच वाक्य. ‘सदर वेळी पडद्यावर रुग्णाच्या नोंदीनुसार योग्य ती माहिती दर्शविण्यात आली.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. नोंद बंद होती, पडद्याने ती बंद दाखवली. सही करताना तिने हेच मनाला दहादा सांगितलं होतं, आणि मन काही ऐकत नव्हतं.

“माझीच आहे,” ती म्हणाली.

“मग तुम्हीच सांगा. मला एक मुलगी आहे. दुसऱ्या गावी शिकते, होस्टेलवर. त्या दिवशी तिचा शेवटचा पेपर होता, बाराचा. हिला सकाळी अचानक नेलं आत. पोरीला कळवलं तर ती बॅग घेऊन बाहेर पडली, म्हणाली मी पेपर सोडते, बस पकडते. मी म्हटलं, थांब जरा. तिने माझ्याकडून वचन घेतलं, ताई. म्हणाली, बाबा, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगता. आज तसं करायचं नाही. जे असेल ते खरं सांगायचं. मी म्हटलं, तुझ्या गळ्याची शपथ.”

त्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“मग हिरवं आलं. माझ्या शेजारच्या बाईंनी आधी बघितलं, मला हलवलं, अहो तुमचं हिरवं झालं! मी उभा राहिलो, त्या सगळ्या लोकांना हात जोडले. वेडाच झालो होतो. आणि पोरीला फोन लावला. अकरा सेहेचाळीसला, फोनमध्ये आहे अजून. म्हटलं, आई सुटली गं, तू खुशाल पेपर दे. ती तिथे रस्त्यावर मोठ्याने रडली, आनंदाने. आणि धावत आत गेली. त्यांचे फोन बाहेर ठेवून घेतात. बाराला डॉक्टर आले. त्यानंतर मी सतरा वेळा फोन लावला, तो बंदच.”

त्याने फोनमधले ते सतरा कॉल तिच्यापुढे धरले.

“तीन तास तिने पेपर लिहिला. बाहेर येऊन फोन चालू केला तेव्हा कळलं. आता ती म्हणते, बाबा, तुम्हाला माहीत होतं. पेपर बुडू नये म्हणून तुम्ही खोटं बोललात. मी आत जाईपर्यंत थांबलात. मी म्हटलं, अगं, हिरवं होतं. तर म्हणते, असं कुठे असतं का? मग मी दवाखान्यातून हा कागद मिळवला. मला वाटलं, कंपनीचा कागद आहे, शिक्का आहे, हा वाचून तरी तिची खात्री पटेल. मला यातली भाषा कळत नाही हो फारशी. मी फोटो काढून पाठवून दिला.” तो थांबला. “तिने उलट मलाच वाचून दाखवला. म्हणाली, योग्य माहिती दाखवली असं लिहिलंय. म्हणजे तुम्हाला योग्यच दिसलं होतं. त्यानंतर बोललेलीच नाही. दिवस झाले, तेवढ्यापुरती आली आणि गेली. मला फक्त एवढंच लिहून द्या, की तेव्हा हिरवं होतं. बाकी मला काही नको.”

तिला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या एका ओळीने या माणसाची बायको गेल्याची बातमी उलटी केली होती, आणि तिच्याच एका वाक्याने त्याला पोरीपुढे खोटारडा ठरवलं होतं. दोन्ही वेळा तिने जे लिहिलं ते अक्षरशः खरं होतं. काय करायचंय असलं खरं?

ती आत साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते, पण साहेब होते. “दुसरा कागद द्यायचा नाही,” ते म्हणाले. “वकिलांनी स्पष्ट सांगितलंय. आणि तू मध्ये पडू नकोस. जुन्या प्रोग्राममध्ये काय होतं ते तात्यांनी कुठे लिहून ठेवलं नव्हतं, चूक असलीच तर तिथली आहे. तू तशी एक टीप करून दे मला दुपारपर्यंत. ‘माहिती देण्यात आली नव्हती’, एवढंच.”

“साहेब, ते रोज येत होते.”

“कोण?”

“तात्या. रोज साडेदहाला. मी वेळ नाही दिला.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे तू मला सांगितलं नाहीस, आणि मी ऐकलं नाही. जा.”

तिने तात्यांना फोन लावला. वीस दिवस ती हा फोन टाळत होती. सगळं सांगितलं, एका दमात.

“माझ्या पहिल्या पडद्यावर,” तात्या सावकाश म्हणाले, “माणूस गेला की ओळ सरळ पुसली जायची. मला तेव्हा कुठे अक्कल होती. एकदा वायर सैल झाली म्हणून मी तिथे स्टुलावर चढलो होतो, हातात पेचकस. माझ्या डोळ्यांसमोर एक ओळ गेली. खाली एक म्हातारी होती. ती आली आणि माझी पँट धरून विचारायला लागली, दादा, माझ्या पोराचं नाव कुठे ठेवलं? तुम्ही काढलंत का? परत लावा ना. तिला वाटलं मीच हाताने काढलं. आणि खरंच मीच काढलं होतं की.” ते खोकले. “मग त्या एकतीस ओळी लिहिल्या. माणूस गेला तर पडद्याला हात लावायचा नाही. पिवळंच ठेवायचं. आतल्या नर्सच्या टेबलावर घंटा वाजवायची. नर्स बाहेर येणार, घरच्यांना बाजूच्या खोलीत नेणार, बसवणार, पाणी देणार, सांगणार. ती परत जाऊन बटण दाबेल, तोवर थांबायचं. पाच मिनिटं लागोत, तास लागो. त्यांची वाट बघायची, पोरी. ज्यांना सांगायचंय त्यांची.”

“तात्या, साहेब तुमच्यावर ढकलतायत.”

“ढकलू देत. मी आता काय, वाळलेलं पान.” मग एकदम त्यांचा आवाज चढला. “पण तुला वाचता येत नव्हतं का गं? एवढी शिकलेली! एकतीस ओळी होत्या, दोन मिनिटं लागली असती! मी रोज तुझ्या दारात भिकाऱ्यासारखा उभा राहायचो!” आणि तेवढ्याच एकदम त्यांनी फोन ठेवला. तिला ते बोलणं लागलं, आणि लागलं तेच बरं झालं.

टीप तिने केली. साहेबांनी सांगितलेलं वाक्य लिहिलं नाही. कोणत्या सोमवारी तात्या आले, ती काय म्हणाली, मंगळवारी काय झालं, बुधवारी काय, कोणत्या दुपारी तिने त्या ओळी काढल्या, चाचणीत एकही पेशंट मेलेला नव्हता, ओळ किती वाजता हिरवी झाली, असं आधीचं आधी आणि नंतरचं नंतर, सगळं लिहून ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पर्स उचलून खाली उतरली. बाकावर शिंपी नव्हता.

दुकान शोधायला वेळ लागला नाही. लांबट खोली, दोन मशिनं. एकावर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच पडलेला, सुईत दोरा. ते मशीन बायकोचं असणार. शिंपी उभ्यानेच एका कापडावर खडूने रेघा मारत होता. तिला बघून त्याने घाईघाईने स्टूल पुढे केलं.

“कागद मिळणार नाही काका,” ती म्हणाली. “कंपनी देणार नाही.”

त्याचा चेहरा पडला. “मिळणार नव्हताच म्हणा.”

“पण मी आहे ना. तो पडदा मीच लिहिलाय. मुलीचा नंबर द्या.”

“माझे फोन ती घेत नाही.”

“माझ्या फोनवरून लावते.”

चौथ्या घंटेला मुलीने फोन उचलला. आवाज लहान होता, पडदेवालीला वाटलं होतं त्याहून लहान. “कोण बोलतंय?”

“तुझी आई होती त्या दवाखान्यातला पडदा मी बनवलाय. तुला तुझ्या बाबांनी कागद पाठवला ना, त्यावर माझी सही आहे.”

शिंप्याचा खडू कापडावर थांबला.

“नोंदीनुसार...” तिने सुरुवात केली, आणि स्वतःचीच चीड येऊन थांबली. “हे बघ बाळा, मी ओळीने सांगते. आधी तुझी आई गेली. अकरा बेचाळीसला. त्याच मिनिटाला आतून नोंद बंद केली. मग पडद्याने ती ओळ हिरवी केली आणि ‘पूर्ण’ लिहिलं. ते चुकीचं होतं. पूर्वी तिथे प्रोग्राम थांबायचा, कुणीतरी येऊन घरच्यांना सांगेपर्यंत. ते थांबणं मी काढून टाकलं. का होतं ते न विचारता काढलं. मग तुझ्या बाबांनी हिरवं बघितलं आणि तुला फोन केला. मग तू आत गेलीस. मग बाराला डॉक्टर बाहेर आले. त्याच्या आधी तुझ्या बाबांना काहीही माहीत नव्हतं. ते तुझ्याशी खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले.”

शिंपी कापडाकडे बघत होता. खडू हातात तसाच.

“कागदावर योग्य माहिती असं का लिहिलंत मग?” मुलीने विचारलं.

“घाबरले म्हणून.”

मुलगी म्हणाली, “म्हणजे मी बस पकडली असती तरी...”

“तरी आईची भेट झाली नसती. ती त्याआधीच गेली होती.”

“ती अठरा मिनिटं बाबा काय करत होते?”

“लोकांना हात जोडत होते. आई सुटली म्हणून तू रडलीस, तेही त्यांनी मला सांगितलं.”

मुलगी रडायला लागली. शब्द नीट फुटत नव्हते. “मी त्यांना म्हणाले, तुम्ही मेलात माझ्यासाठी. आई गेली, त्याच्या चौथ्या दिवशी म्हणाले.” नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग अगदी स्पष्ट, “मी तुम्हाला माफ करणार नाही.”

“नको करूस,” पडदेवाली म्हणाली.

“बाबांना द्या.”

तिने फोन पुढे केला. शिंप्याने खडूचे हात सदऱ्याला पुसले, फोन कानाला लावला, आणि कितीतरी वेळ नुसता ऐकत राहिला. मान हलत होती, तिकडून ती दिसणार असल्यासारखी. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू.

“नाही गं. रडू नकोस. तू कशाला... मी तरी कुठे रागावलोय.” तो बायकोच्या मशीनशी टेकून खाली बसला. “मलाही हिरवंच दिसलं होतं गं, बाळा. मलाही हिरवंच दिसलं होतं.”

पडदेवाली फोन त्याच्याकडेच ठेवून उठली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. आतलं बोलणं संपायला पाऊण तास लागला.